विसाव्या क्रमांकाचा कापूस

“ह्यो पेला आमच्या घरचा हाय,” केरबा शिंत्रे म्हणाला.

ट्रेवरचा रुमाल मी नुकताच उचलला होता. खाली स्टीलचा पेला, त्यात चार बोटं संत्रा देशी, शेजारी बशीत खारे शेंगदाणे आणि लिंबाची फोड. आठ महिने न प्यालेला माणूस अशा वेळी दारूकडे पाहतो किंवा मुद्दाम पाहत नाही, असा माझा एकोणीस माणसांचा अनुभव होता. केरबा पेल्यावर कोरलेली अक्षरं वाचत होता. ‘चि. सौ. कां. शेवंता हिस मामाकडून सप्रेम भेट.’

“हो,” मी म्हणालो. “सकाळीच तुमच्या घरून आणला.”

“शेवंतानं दिला?”

“दिला.”

“काय म्हनली?”

“परत आणून द्या म्हणाल्या. आता तांदळाच्या डब्यात असतो, मापाला. दोघांना दोन पेले लागतात म्हणाल्या.”

“म्हंजे नीट बोलली,” केरबा म्हणाला आणि खुर्चीत जरा सैल बसला.

तो एसटीचा ड्रायव्हर. आंबा घाटातून रोज गाडी नेणारा. अपघात एकही नाही. पण एका सकाळी ड्यूटीवर तोंडाला वास आला, कंडक्टरनं तक्रार केली आणि तेव्हापासून तो डेपोत गाड्या धुवत होता. अंगात अजून खाकी पँट होती. डावा हात गुडघ्यावर होता आणि तो हात स्वस्थ नव्हता. बोलता बोलता पुढे जायचा, मागे यायचा, जरा आडवा व्हायचा. मला वाटलं, हातात कंप आहे. तशी नोंदही केली. नंतर लक्षात आलं की माणूस बसल्या जागी गिअर टाकतोय.

“डॉक्टर, एक इचारू?”

मी डॉक्टर नव्हतो. मानसशास्त्रात एम.ए. होतो, तेही दुसऱ्या वर्गात. वय चोवीस. पण अंगात पांढरा कोट होता आणि कोटाचा विश्वासघात करणं माझ्या स्वभावात नव्हतं.

“विचारा की.”

“ह्यात पास झालो की ष्टेरिंग मिळंल न्हवं? डेपो मॅनेजर म्हनला, केंद्राचा कागद आन.”

ही परीक्षा नव्हती. हे संशोधन होतं. त्यात पास-नापास नसतं, आणि त्याचा डेपोशी काही संबंध नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण हा विसावा माणूस होता आणि तो उठून गेला असता तर एकविसावा नव्हता.

“मिळेल,” मी म्हणालो. “आ करा.”

आमच्या व्यसनमुक्ती संशोधन केंद्राचे प्रमुख डॉ. हळबे. मनुष्य विद्वान, प्रामाणिक आणि अत्यंत त्रासदायक. त्यांचा सिद्धांत असा की दारू सोडलेल्या माणसाचं मन दारू विसरतं, पण तोंड विसरत नाही. दारू समोर आली की तोंडाला पाणी सुटतंच, माणसाला पत्ता नसला तरी. ते पाणी मोजायचं कसं, तर दातांच्या डॉक्टरांकडचे कापसाचे बोळे वजन करून तोंडात ठेवायचे, तीन मिनिटांनी काढून पुन्हा वजन करायचं. आधी समोर पाण्याचा पेला ठेवून एकदा, मग दारूचा ठेवून एकदा. दोन वजनांतला फरक म्हणजे विज्ञान.

सरांची एक अट होती. दारू ज्याची त्याची हवी, भांडं ज्याचं त्याचं हवं, चाखणासुद्धा ज्याचा त्याचा हवा. तेव्हा सकाळी माणसांच्या बायकांकडे जाऊन, “यजमान कशातून घ्यायचे?” असं विचारणं हे माझं काम होतं. तीन घरांतून मला हाकलण्यात आलं. एका बाईंनी सगळी मांडणी दाखवून “ह्यातलं काय सोडलं नव्हतं त्यांनी,” असं सांगितलं. शेवंताबाईंनी मात्र डब्यात हात घातला, पेल्यातले तांदूळ परत डब्यात ओतले, पदरानं पेला पुसला आणि माझ्या हातात दिला. देताना क्षणभर सोडला नाही.

“त्यात परत वतनार तुमी?”

“फक्त समोर ठेवायला. प्यायला नाही.”

“मी मापाला घेतला तवा तीन येळा राखेनं घासलाय त्यो,” एवढंच त्या म्हणाल्या.

दारू आणायचं काम आमचे शिपाई तांबोळीमामा यांचं. मामा नमाजी. आयुष्यात त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. “सर, मला लेखी पायजे,” ते म्हणाले. म्हणून हळबे सरांनी केंद्राच्या शिक्क्यानिशी एक पत्र दिलं, की पत्रवाहक ही वस्तू शास्त्रासाठी नेत आहे. मामा ते पत्र दुकानदाराला दाखवायचेच, पण रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर त्यालाही उभं करून दाखवायचे. आणलेली बाटली कपाटात कुलपात असे आणि किल्ली माझ्याकडे असे. बाटलीतली पातळी आठवड्यागणिक खाली जाई. दिवस उन्हाळ्याचे होते. रजिस्टरात मी ‘बाष्पीभवन’ असं लिहीत असे.

तर केरबानं आ केला. मी दोन बोळे गालांत आणि एक जिभेखाली ठेवला. पेला हातात धरायला लावला, वास घ्यायला लावला. तीन मिनिटं तो माझ्याकडे बघत बसला, दाताच्या दवाखान्यात बसतात तसा. मग मी बोळे काढले आणि ठरलेला प्रश्न विचारला.

“आत्ता प्यावंसं किती वाटतंय? शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात नाही.”

“शून्य.”

“नीट विचार करून सांगा.”

“इचार कशाला करायचा? पेला बगून तांदूळ आटीवलं.” मग जरा ओशाळून म्हणाला, “घाटात एक वळान हाय, डॉक्टर, तितनं खाली सगळं कोकान दिसतंय. आट म्हैनं झालं बगितलं न्हाई. दारू काय, कुटंबी मिळती.”

तो गेल्यावर मी वजन केलं. पाण्याच्या वेळी जेवढं, दारूच्या वेळी तेवढंच. फरक शून्य. पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

आता सरांचं म्हणणं असं होतं, की एक ग्रॅमच्या खाली फरक आला तर बोळे नीट बसवलेले नाहीत असं समजायचं. आणि एक जरी माणूस तसा निघाला तर सगळी तुकडी पहिल्यापासून. म्हणजे पुन्हा वीस माणसं, वीस बायका, वीस पेले. दिवस शनिवार होता, सर सोमवारी निबंध घेऊन परिषदेला निघणार होते, आणि निबंध गाजला तर मला कायम करायचं त्यांनी कबूल केलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर दारुड्याचं तोंड कोरडं राहूच शकत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. माणसाबद्दल वाईट ते चटकन खरं वाटावं, ही देणगी मला पहिल्यापासून आहे. पुढे तिच्यावर मी पोट भरलं.

मी दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी रजिस्टरात वीस क्रमांकापुढे एक पूर्णांक नऊ ग्रॅम अशी नोंद झाली. ती कशी झाली ते पुढे सांगतो. इथे सांगायचा धीर होत नाही.

बुधवारी केरबा आला तो इस्त्रीची खाकी घालून. सर परिषदेहून आदल्याच रात्री परतले होते आणि खुशीत होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आकडा सांगितला.

“एक पूर्णांक नऊ. वीस माणसांत तुमचा तिसरा क्रमांक, शिंत्रे.”

केरबाला वाटलं, तिसरा आला म्हणजे चांगलंच झालं. तो हसला. मग सरांनी समजावून सांगितलं. ते समजावून फार छान सांगत.

“पर मला तर काईच वाटलं न्हाई, सर,” केरबा म्हणाला.

“तेच तर. तुम्हाला वाटलं नाही. तोंडाला वाटलं.”

“मला न सांगता?”

“तुम्हाला न सांगता.”

केरबानं तोंड मिटलं. जीभ गालांतून फिरताना बाहेरून दिसत होती. दात काढून आल्यावर माणूस फिरवतो तशी. मग त्यानं तळहातानं ओठ पुसले आणि तळहात पाहिला. तो कोरडा होता.

मी सरांच्या खुर्चीमागे फाइल घेऊन उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“डॉक्टर, तुमी स्वता वजन केलासा?”

“हो.”

“चूक न्हाई?”

त्याला घाई नव्हती. तो हवा तेवढा वेळ थांबला असता. सरसुद्धा मान वळवून माझ्याकडे पाहत होते. कपातला चहा निवत होता. एवढा मोकळा वेळ मला आयुष्यात पुन्हा कुणी दिला नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“मग बरूबर असंल,” केरबा म्हणाला आणि उठला. चहा तसाच राहिला.

डेपोला पत्र गेलं. आकडा त्यात जायला नको होता, पण सरांना लपवालपवी आवडत नसे. निबंध गाजला, मी कायम झालो, आणि दोनच वर्षांत नोकरी सोडून विनोदी लिहू लागलो. माणसांच्या लबाड्यांवर लिहीत असे. लोक म्हणत, तुम्हाला बाई बरोब्बर कळतं माणूस कुठे खोटं बोलतो ते.

पेला परत द्यायचा राहिला. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. एकदा शेवंताबाई दारात तांदूळ निवडत बसलेल्या दिसल्या आणि मी मागे फिरलो.

सतरा वर्षं गेली. त्याच गावच्या स्टँडवर मला आजऱ्याची गाडी पकडायची होती. तिथल्या वाचनालयाच्या समारंभात माझं भाषण होतं. विषय ‘हसा आणि निरोगी राहा’. खांद्याला शबनम, शबनममध्ये भाषणाचे कागद आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. खोकला मला नव्हता.

चौकशीच्या खिडकीशी वाकलो. आत मायक्रोफोनपुढे पिकल्या केसांचा एक माणूस बसला होता.

“आजरा किती वाजता?”

“अकरा पंचवीस. फलाट चार,” तो म्हणाला. मग थोडा मागे झाला, वास आल्यावर माणूस होतो तितका, आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “डॉक्टर न्हवं तुमी?”

ओळखलं मीही. हातावरून ओळखलं. डावा हात गुडघ्यावर गिअर टाकत होता.

“या की आत. दार तिकडनं हाय.”

मी आत जाऊन स्टुलावर बसलो. त्यानं पाणी दिलं. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “बरं झालं, गाड्या धुणं सुटलं.”

“कवाच सुटलं. दोन वर्सांनी नवा मॅनेजर आला. म्हनला, शिंत्रे, तुमचं रेकार्ड चांगलं हाय, घ्या ष्टेरिंग. मी म्हनलो, नगं.”

“का?”

“का म्हंजे?” त्याला प्रश्नच कळला नाही. “साठ मानसं मागं बसत्यात डॉक्टर. पोरंबाळं असत्यात. आन माजं तोंड मला न सांगता पाजरतंय. कवा दगा दील, सांगता येतंय? शेवंता लई रडली. म्हनली, तुमी पेत न्हाई ते मला दिसतंय न्हवं. मी म्हनलो, तुला दिसतंय, पर कापसाला कळतंय.” तो हसला. “सतरा वर्सं झाली. थेंब न्हाई. पर पहारा हाय बगा. लगनात जेवत न्हाई. कुनाच्या हातचं सरबत घेत न्हाई. सकाळी उठलो की आदी तोंडात बोट फिरवून बगतो.”

मग त्यानं बटण दाबलं आणि रत्नागिरीची गाडी फलाट दोनवर लागल्याचं साऱ्या स्टँडला सांगितलं. बटण सोडलं.

“तुमचं उपकार हायत,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुनी गोड बोलून पाठीवलं असतं.”

एवढं तो म्हणाला नसता तर मी गाडीत बसून गेलो असतो. हे मी स्वतःच्या मोठेपणासाठी सांगत नाही. शिव्या मी पचवल्या असत्या, तेवढी सवय धंद्यानं लावली होती. आभार पचेनात.

“केरबा, ते बोळे तुमचे नव्हते,” मी म्हणालो.

“कंचं बोळं?”

“एक पूर्णांक नऊवाले. तुमचे कोरडे होते. दोनदा वजन केलं. शून्य आलं.”

त्यानं मायक्रोफोन बाजूला सरकवला.

“मग ती कुनाची?”

“माझे. तुम्ही गेलात. मी दार लावलं, नवे बोळे घेतले. आधी पाण्याचा पेला पुढे ठेवून तोंडात धरले, मग तुमच्या घरचा. त्यात दारू होती तशीच. पाण्यानं भिजवून ठेवले असते तरी चाललं असतं. पण म्हटलं, आकडा निदान खऱ्या माणसाचा असावा.”

बाहेर कुणीतरी खिडकीवर नाणं वाजवून निपाणीची गाडी विचारत होतं. केरबानं ऐकलं नाही. तो माणूस पुटपुटत निघून गेला.

“कोरडं हुतं?” केरबानं विचारलं.

“कोरडे.”

“माजं.”

“तुमचे.”

“मी इचारलं हुतं तुमाला,” तो म्हणाला. “सायबाच्या समोर इचारलं हुतं, चूक न्हाई न्हवं?”

“हो.”

“आन तुमी म्हनलासा, न्हाई.”

“हो.”

तो ओरडला नाही. त्यानं जीभ एकदा गालांतून फिरवली, अगदी सावकाश, एखादी खोली सतरा वर्षांनी उघडून बघावी तशी. मग मला विचारलं, “त्यो पेला कुटाय?”

“माझ्या घरी.”

“कशाला वापरता?”

मी शबनमच्या बंदाशी चाळा करू लागलो. त्याला उत्तर लागलं नाही. खिडकीतूनच त्याला ते आलं होतं.

“रोज?”

“रोज.”

“त्यातनंच?”

“त्यातनंच.”

केरबा खुर्चीसकट माझ्याकडे वळला. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर. आवाज अगदी माझा काढला. सतरा वर्षांपूर्वीचा, पांढऱ्या कोटातला.

“आत्ता प्यावंसं किती वाटतंय? शून्य ते दहा. शून्य म्हंजे अजिबात न्हाई.”

मी विनोदी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. हा माझा धंदा होता आणि मला नेहमी सुचत असे.

“नीट इचार करून सांगा,” केरबा म्हणाला.

समोर स्टँडचं घड्याळ होतं. सकाळचे अकरा वीस झाले होते. तोंडाला पाणी सुटलं होतं आणि ते माझं मलाच कळत होतं.

“आठ,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, नोंद करून घेतल्यासारखी. बटण दाबून आजऱ्याची गाडी फलाट चारवर लागल्याचं जाहीर केलं, प्रवाशांना बसून घ्यायला सांगितलं. माझ्यासाठी वेगळं काही सांगितलं नाही. मग बटण सोडून, माझ्याकडे न बघता म्हणाला, “फुडची दीडला हाय. बसायचं तर बसा. जायाचं तर जावा. पर त्यो पेला शेवंताचा हाय. आनून द्या. आन वास असला तर दारात येऊ नगा.”

‘डॉक्टर’ म्हटलं नाही. पुन्हा कधीच म्हटलं नाही.

मी स्टुलावरच बसून राहिलो, गाडी जाऊ दिली. आजऱ्याला त्या दिवशी कुणी हसलं नाही आणि कुणाची प्रकृती बिघडल्याचंही ऐकिवात नाही.

पेला नेऊन द्यायला मला चौदा महिने लागले. पेल्याचा वास राखेनं घासून एका दुपारी गेला. बाकीचा वेळ माझ्या तोंडाला लागला. त्यात दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तुकडी पुन्हा, असं हळबे सर म्हणाले असते.

शेवंताबाईंनी दार उघडलं. पेला घेतला, उलटा करून नाव पाहिलं, नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाऊलभर पुढे येऊन तितक्याच शांतपणे माझाही वास घेतला. आत गेल्या, डब्याचं झाकण वाजलं. एक पेला तांदूळ ताटात पडल्याचा आवाज आला. दुसरा पडला. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिसरा पडला.

“बसा,” केरबा आतून म्हणाला. “भात हुतोय.”

आम्ही समोरासमोर पाटावर बसलो. निवृत्तीला त्याला दोन वर्षं उरली होती. जड गाडीचं लायसन केव्हाच संपलं होतं, ते पुन्हा काढावं असं आता कुणी त्याला म्हणणार नव्हतं. तो तांदळाच्या भावाबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला. पाट लहान होते, त्यामुळे त्याचा डावा गुडघा माझ्या अगदी नजरेसमोर होता. हात त्यावर होता. पुढे गेला, मागे आला, आडवा होऊन थांबला, पुन्हा मागे आला. केरबाला त्याचा पत्ता नव्हता. घाट चढत होता, आणि ते वळण जवळ आलं असावं.

मी ताटात बघून जेवलो.